लोकरीची टोपी

सकाळी साडेआठला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचा मुलगा, हातात पेढ्यांचा पुडा. "काकू, नोकरी लागली! जर्मन कंपनी, घरूनच काम, पगार आत्ताच्या दीडपट. कागद तेवढे नजरेखालून घालता का?" भोसरीच्या एका कारखान्यात मी २७ वर्षं पगारपत्रकं केली, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधलं प्रत्येक ऑफर लेटर आधी माझ्यापुढे येतं, मग देवापुढे. चष्मा लावला. तिसऱ्या पानावर तो शब्द दिसला आणि माझं डोकंच फिरलं. 'इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर'.

अरे, म्हणजे ही नोकरीच नाही! दर महिन्याला तू त्यांना बिल पाठवायचं आणि त्यांनी ते चुकतं करायचं. भाजीवाल्याशी असतो तेवढाच संबंध. पण लॅपटॉप त्यांचा, वेळ त्यांची, रजा मॅनेजरला विचारून, आणि 'दुसरीकडे काम करणार नाही' असंही लिहून द्यायचं. माझ्या भाजीवाल्याला मी असं सांगून बघू का?

माझ्या भाचीच्या करारातही हाच शब्द होता. पोरगी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकली, म्युनिककडच्या एका कंपनीसाठी कोथरूडच्या दोन खोल्यांतून सहा वर्षं राबली. बाळंतपण आलं तेव्हा नवव्या महिन्यातही लॉगिन. ९ तारखेपर्यंत काम केलं, म्हणून त्या महिन्याचं बिल ९ तारखेपर्यंतचंच. पुढच्या महिन्यात बिलच नाही. तिसऱ्या महिन्यात मांडीवर बाळ आणि कानात हेडफोन. तिच्याच टीममधली तिकडची एक मुलगी त्याच सुमारास बाळंत झाली. तिला आधीचे सहा आणि नंतरचे आठ आठवडे सुट्टी, हातात येणारा पगार पूर्ण चालू, आणि बाळ चार महिन्यांचं होईपर्यंत तिला काढायला कायद्याने बंदी. आमच्या भाचीला काय मिळालं? कुरिअरने लोकरीची टोपी. मे महिना, पुणं, आणि लोकरीची टोपी! वर कस्टम ड्यूटी तिनेच भरली.

आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ सालीच आला, आता तो नव्या संहितेत गेलाय, आणि २०१७पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा. जर्मनीच्या चौदाला आपले सव्वीस! आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की हक्क लागू. भाचीने सहा वर्षं काढली होती हो. ग्रॅच्युइटीचं तर मी झोपेतही सांगेन: शेवटचा महिन्याचा पगार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तिचा मूळ पगार लाखभर धरला तर सहा वर्षांचे ३ लाख ४६ हजार होतात. पीएफचे दोन्हीकडचे बारा-बारा टक्के वेगळेच. २१ नोव्हेंबर २०२५ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ठरावीक मुदतीवर घेतलेल्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. पण त्यासाठी आधी 'कामगार' तरी असावं लागतं ना. एका शब्दाने सगळं धुऊन टाकलं.

आणि राग कशाचा येतो सांगू? हे त्यांना कळत नाही असं नाही. त्यांच्या भाषेत याला खास शब्दच आहे, भाचीनेच शिकवला: शाइनझेल्बश्टेंडिगकाइट. आमच्या गल्लीपेक्षा लांब. अर्थ, नावापुरता स्वतंत्र. माणूस प्रत्यक्षात नोकर आणि कागदावर धंदेवाला असा प्रकार तिकडे सापडला, तर कंपनीला सामाजिक विम्याची मागची सगळी वर्गणी भरावी लागते. स्वतःच्या दारात जे करायला घाबरतात, ते कोथरूडमध्ये बिनधास्त!

आपल्या कोर्टांनीही हे कधीच ओळखलंय. कारखान्यात आमचे एक लेबरचे वकील यायचे, ते ध्रांगध्रा केमिकलचा खटला रंगवून सांगायचे. मिठागरातले अगरिया घरच्यांना हाताशी घेऊन मीठ पिकवायचे, पैसे मणावर मिळायचे. कंपनी म्हणाली, हे तर ठेकेदार. १९५६ साली सुप्रीम कोर्टाने काम कसं करायचं यावर ताबा कुणाचा हे बघितलं आणि त्यांना कामगार मानलं. आता मला सांगा, मिठागरातला माणूस कामगार, आणि सकाळ-संध्याकाळ ज्याचा ऑनलाइन असल्याचा हिरवा दिवा मॅनेजर बघत बसतो तो मात्र उद्योजक? पण भाचीने भांडायचं कुठे? करारात शेवटी बारीक अक्षरांत होतं, वाद झाल्यास न्यायालय म्युनिकचं. शिवाजीनगर कोर्टाची पायरी चढताना लोकांचा जीव जातो, म्युनिकला कोण जाणार?

मान्य आहे, पैसे जास्त मिळतात. व्यावसायिक म्हणून अंदाजित उत्पन्न दाखवता आलं तर निम्म्याच रकमेवर कर लागतो, हेही मान्य. आणि अमेरिकन कंपन्यांना काय बोलणार, त्यांच्याच घरी बाळंतपणाला देशपातळीवर भरपगारी रजेचा कायदा नाही. १९९३चा आहे त्यात बारा आठवडे, तेही बिनपगारी. काही परदेशी कंपन्या इथल्या एखाद्या कंपनीच्या पटावर माणूस रीतसर घेतात, पीएफ-ग्रॅच्युइटीसकट. 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' म्हणतात त्याला. म्हणजे मनात असेल तर वाट आहे. फक्त खर्च येतो.

मुलगा एवढंच म्हणाला, "काकू, दीडपट आहे पण." मी म्हटलं, त्या दीडमधलं अर्धं म्हणजे तुझा पीएफ, तुझी रजा, तुझा मेडिक्लेम आणि तुझी ग्रॅच्युइटी, फक्त वेगळ्या पाकिटात घालून दिलंय. ते तू बाजूला ठेवणार आहेस का? तो गप्प.

जरा जास्तच बोलले बहुतेक. पोराचा चेहरा उतरला. वडील पुढच्या वर्षी रिटायर होतायत, फ्लॅटचा हप्ता डोक्यावर आहे, हे मला माहीत नाही का? भाचीनेही सही केली तेव्हा घरात हप्ताच होता. तेव्हा मीच म्हटलं होतं, घे गं, जर्मन लोक शिस्तीचे असतात. हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहिलंच. नोकरी कशी गेली तेही सांगते. व्हिडिओ कॉलवर, अकरा मिनिटांत, १४ दिवसांची नोटीस. तिकडे पाच वर्षं झालेल्याला कायद्यानेच दोन महिन्यांची नोटीस मिळते, आणि कंपनीत कामगारांचं मंडळ असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. हिचं ऐकायला कोण होतं? टोपी मात्र तिने अजून ठेवलीय. मी म्हटलं टाकून दे. म्हणाली, "मावशी, लोकर चांगली आहे गं."

दुपारी मुलाला मेसेज टाकला. नको म्हणू नकोस, पण तीन गोष्टी विचार: नोटीस दोन महिन्यांची कराल का, वर्षाला किती दिवस भरपगारी रजा, आणि इथल्या एखाद्या कंपनीच्या पटावर घ्याल का. फार तर नाही म्हणतील.

पेढे अजून टेबलावर आहेत. दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू. आत्ताच त्याचा फोन आला होता. मेल लिहून झालाय, पाठवायच्या आधी दाखवायला वर येतोय. चहा टाकते.