घरी मराठीचा आग्रह, जर्मनीत इंग्रजीवर भिस्त

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा निर्णय काढला आणि जूनच्या अखेरीस तो मागे घेतला. मधल्या काळात मराठी माणूस भाषेविषयी जेवढे बोलला, तेवढे त्याआधी कित्येक वर्षांत बोलला नसेल. शाळेतल्या हिंदीवरून वाद लवकरच एका जुन्या प्रश्नावर आला: पोटासाठी मुंबई-पुण्यात येऊन राहणाऱ्याने मराठी शिकावी की नाही? जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये बसून मी ही सगळी चर्चा वाचत होते. भाषा दमदाटीने शिकवता येत नाही, पण ज्या गावात आपण कमावतो त्या गावाची भाषा वर्षानुवर्षे न येणे यात भूषणावह काही नाही, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे.

तेच दिवस जर्मन विद्यापीठांना अर्ज करण्याचे होते. हिवाळी सत्रासाठी बहुतेक ठिकाणी 15 जुलै ही शेवटची तारीख असते, त्यामुळे त्या सुमारास ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न जवळपास ठरलेला असतो: ‘‘कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे, म्हणजे जर्मन नसली तरी चालेल ना?’’ विचारणारे अनेकदा तेच काका किंवा मावशी असतात, ज्यांनी आदल्या आठवड्यात शेजारच्या अमराठी बिऱ्हाडाविषयी तावातावाने लिहिलेले असते. त्यांना टोमणा मारण्याचा माझा हेतू नाही. आपल्याकडे जो न्याय बाहेरून येणाऱ्याला लावला जातो तोच परदेशी निघालेल्या मुलाला लावला, तर त्याची दोन-तीन वर्षे आणि घरचे बरेच पैसे वाचतील, एवढेच माझे म्हणणे आहे.

जर्मनीविषयीची महाराष्ट्रातली चर्चा ‘फुकट शिक्षण’ या दोन शब्दांभोवती फिरते. बहुतेक राज्यांतील सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत, हे खरे आहे. परंतु श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तेथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1500 युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने 2024 पासून त्याहून बरेच जास्त शुल्क लावले आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. त्यांतून महिन्याला 992 युरो मिळतात आणि श्टुटगार्टच्या घरभाड्यात त्यांतले निम्मे सहज जातात. हा हिशेब घरोघरी होतो, कर्जाचे व्याज टक्क्याच्या दशांशापर्यंत तपासले जाते. जर्मन भाषेचा खर्च मात्र त्या हिशेबात कोणीच धरत नाही, कारण प्रवेशपत्रावर तो छापलेला नसतो.

इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम व्याख्यानाच्या दालनापुरता इंग्रजी असतो. परीक्षेचे नियम जर्मनमध्ये असतात. इंग्रजी भाषांतर दिलेले असले तरी कायद्याने ग्राह्य धरला जातो तो सहसा जर्मन मजकूर. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेल्या मुलाला हे नियम समजून घेणे फार गरजेचे असते. हजेरी, सबमिशन, टर्मवर्क, इंटरनलचे गुण या कुबड्या इथे बहुतेक विषयांत नसतात. सत्राच्या शेवटी एकच पेपर, आणि त्यासाठीही मुदतीत स्वतः नाव नोंदवावे लागते. विसरलात तर बसता येत नाही आणि कोणी आठवणही करून देत नाही. नापास झाल्यास बहुतेक ठिकाणी एकूण तीन संधी, काही ठिकाणी दोनच. त्या संपल्या की नाव कापले जाते आणि तोच अभ्यासक्रम सहसा जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही शिकता येत नाही. मग राहण्याच्या परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात जुने पेपर सोडवून निभावून नेण्याची सवय पहिल्याच सत्रात अंगाशी येते.

खरी कसोटी त्यानंतरची. चाकणला श्टुटगार्टच्याच मर्सिडीजचा कारखाना आहे, बॉशचे मुख्यालय श्टुटगार्टच्या वेशीवर आहे. मेकॅनिकलच्या मराठी मुलांना हे शहर जवळचे वाटते ते त्यामुळेच. शिकताना कंपनीत अर्धवेळ काम करण्याची इथे चांगली पद्धत आहे, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत, आणि पुढची नोकरी बरेचदा त्याच ओळखीतून मिळते. आमच्या विभागात अशा विद्यार्थ्यांच्या मुलाखतींना मी बसते. अलीकडे आलेला एक मुलगा बॅटरीच्या तापमानचाचणीवर इंग्रजीत उत्तम बोलला. मग माझ्या सहकाऱ्याने चाचणीयंत्राजवळच्या वहीचे एक पान त्याच्यापुढे ठेवले. त्यावर मेकॅनिकच्या गिचमिड अक्षरात चार जर्मन शब्द होते: नळी गळते, मोजणी थांबवली. कामाचा पहिला महिना अशा नोंदी तक्त्यात भरण्यातच जाणार होता. मुलगा हुशार होता, पण ते पान त्याला वाचता आले नाही, आणि जागा दुसऱ्याला गेली.

बर्लिनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत किंवा संशोधन संस्थांत इंग्रजीवर निभते, असा प्रतिवाद होईल, आणि तो रास्त आहे. पण यंत्र, वीज, बांधकाम या शाखांतल्या मुलांना तो लागू पडत नाही. त्यातून वाहन उद्योगात सध्या नोकरकपातीचे दिवस आहेत. भरभराटीच्या काळात भाषेकडे जी डोळेझाक होत असे, ती आता होत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. भाषा शून्यापासून शिकण्यातच ते घालवायचे असतील, तर तो सौदा महागात पडतो.

म्हणून तयारी कोठून सुरू करावी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाकडे बोट दाखवते. बी२ पातळीला, म्हणजे कामकाज सांभाळता येईल एवढ्या जर्मनला, साधारण सहाशे ते आठशे तासिका लागतात, असे गोएथे इन्स्टिट्यूट सांगते. आठवड्याला सहा तासिका धरल्या तर दोन वर्षांत सहाशे होतात. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, शाळेत जर्मन घेतलेली मुले आहेत. एवढी सोय भारतातल्या फार थोड्या शहरांत असेल. तरीही प्रोफाइल सजवण्यासाठी चार ऑनलाइन प्रमाणपत्रे गोळा केली जातात आणि जर्मन मात्र व्हिसा मिळाल्यावर उरलेल्या दीड महिन्यात उरकली जाते. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध जर्मनमध्ये लिहिला. त्या काळी इंग्रजीची पळवाट नव्हती, हे एका परीने त्यांच्या पथ्यावरच पडले म्हणायचे.

राहण्याच्या जागेविषयीही माझे मत जरा कडक आहे. तीन-चार मराठी मुलांनी मिळून घर घेणे पहिल्या हिवाळ्यात फार आधार देते, आमटी-भाताची सोय होते, भाडे वाटले जाते. पण वर्षभरानंतरही तीच चौकडी राहिली, तर जर्मनशी संबंध दुकानाच्या गल्ल्यापुरता उरतो. या भागात ‘केरवोखे’ नावाची रीत आहे: जिना आणि अंगण झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडे येते आणि तशी पाटी त्याच्या दारावर लटकते. माझ्या मजल्यावरच्या आजीबाईंशी माझी ओळख त्या पाटीमुळेच झाली. त्यांची श्वाबेन बोली वर्गातल्या जर्मनपेक्षा इतकी वेगळी आहे, की त्यांचे निम्मे बोलणे मला आजही अंदाजाने घ्यावे लागते. कोपऱ्यात धूळ राहिली की त्या हाक मारतात, आणि इथला कोणताही सरकारी कागद अडला की मी त्यांचे दार ठोठावते.

गेलेली मुले परत येणार का, हा महाराष्ट्रातला आणखी एक लाडका वाद. त्यावर माझे फारसे म्हणणे नाही. ज्याला दोन्हीकडे काम मिळू शकते, त्यालाच परतण्याची निवडही खऱ्या अर्थाने करता येते. अठरा महिने संपल्यावर नाइलाजाने विमानात बसणाऱ्याचे परतणे देशप्रेमाच्या खात्यात मांडण्यात अर्थ नाही.

येत्या ऑक्टोबरात जे ए१, म्हणजे अगदी प्राथमिक जर्मन, एवढीच शिदोरी घेऊन येणार आहेत, त्यांनी निदान एक करावे. जवळपास प्रत्येक विद्यापीठाच्या भाषा केंद्रात जर्मनचे वर्ग असतात, बहुधा मोफत किंवा नाममात्र शुल्कात, आणि त्यांच्या जागा नोंदणी उघडताच भरतात. ती तारीख निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी, आणि पहिल्या सत्रात एखादा विषय कमी घ्यावा लागला तरी तो वर्ग सोडू नये.