शौलाचं वय आणि ‘मेन्यूकार्डा’चा टोमणा

सलाम.

बायबलच्या जुन्या करारातल्या १ शमुवेल १३:१ या, इस्राएलचा राजा शौल याचं वय सांगणाऱ्या वचनावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पण उत्तर द्यायलाच हवं, कारण त्यातलं एक वाक्य मनाला लागलं. तुम्ही लिहिता, “हिब्रूचा गंध नसताना चार भाषांतरं शेजारी ठेवून वचनाचा अर्थ लावणं म्हणजे हॉटेलांची मेन्यूकार्डं वाचून स्वयंपाक शिकणं. आधी पंडिता रमाबाईंसारखं हिब्रू शिका, मग लिहा.”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण अनोळखी माणसाशी बोलण्याची ही कुठली रीत? तुम्ही पाळक आहात की प्राध्यापक, मला ठाऊक नाही. मंडळीत उभं राहून कुणाला असं बोलला असता का? टोमणा मारणं सोपं असतं. लेखातलं एक तरी विधान घेऊन ‘हे इथे चुकलं’ असं दाखवलं असतं तर मी आनंदाने ऐकलं असतं.

रमाबाईंचं नाव तुम्ही घेतलंत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून वर्षानुवर्षं भाषांतर केलं, १९२२ मध्ये वारल्या आणि त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. हे सगळं कशासाठी? खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईलाही वचन स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावं म्हणून. त्यांची भाषा साधी आहे ती त्यासाठीच. ज्या बाईने सामान्यांच्या हातात पुस्तक द्यायला आयुष्य वेचलं, तिचंच नाव घेऊन तुम्ही सामान्यांना सांगताय की पुस्तक मिटा, तुमची लायकी नाही. हे मला सहन होत नाही.

आता तुम्ही मला लावलेल्या ‘हौशी’ या शब्दाविषयी. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावात शाळामास्तर होते आणि रविवारी उपदेशही करायचे. घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं आणि अडलं तर तिथेच विचारायचं, हा शिरस्ता होता. पुढे मी कितीतरी वर्षं संडे स्कूल चालवली. ज्या वचनावर तुम्ही मला झोडपलंत, ते मला तिथेच एका मुलीने दाखवलं. तिच्या मावशीने पाठवलेलं रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन हे इंग्रजी बायबल होतं. त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “सर, इथे आकडा नाही, नुसती टिंबं आहेत. छपाईत राहून गेलं का?” खरंच, ‘शौल राज्य करू लागला तेव्हा तो’ याच्यापुढे टिंबं, मग ‘वर्षांचा होता’. पुढे राज्याच्या वर्षांपाशी पुन्हा टिंबं आणि मग ‘आणि दोन वर्षे’.

मी काय करायला हवं होतं? ‘हिब्रू शिकून ये’ म्हणायचं? मी कपाटातून किंग जेम्स हे जुनं इंग्रजी भाषांतर काढलं. त्यात टिंबं नाहीत, वयसुद्धा नाही. शौलाने एक वर्ष राज्य केलं आणि दोन वर्षं झाल्यावर तीन हजार माणसं निवडली, असं सरळ वाचता येतं. १८८५ च्या रिव्हाइज्ड व्हर्जनमध्ये कंसात तीस, १९०१ च्या अमेरिकन आवृत्तीत कंसात चाळीस. न्यू इंटरनॅशनलमध्ये वय तीस आणि राज्य बेचाळीस वर्षं.

सगळे भाषांतरकार हिब्रू जाणणारे. तरी एकाच ओळीत एवढी तफावत का? कारण हिब्रूतच आकडा उरलेला नाही. मूळ जसंच्या तसं वाचलं तर शौल राजा झाला तेव्हा ‘एक वर्षाचा’ होता असं निघतं. बाकीच्या राजांविषयी ‘इतक्या वर्षांचा असता राज्य करू लागला आणि इतकी वर्षं राज्य केलं’ अशी ठरलेली ओळ येते. दावीदाची येते, शौलाचा मुलगा ईश-बोशेथ याचीही येते. शौलाच्या ओळीत ती चौकट शिल्लक आहे, आकडा गळाला आहे. जुन्या ग्रीक भाषांतराच्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत तर हे वचनच नाही. म्हणजे हिब्रू शिकूनही तुम्हाला तो आकडा सापडणार नाही, साहेब. तिथे काहीतरी हरवलंय हे आधी कळतं ते भाषांतरं शेजारी ठेवल्यावरच. माझ्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं, आणि नेमकं तेच तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

त्या मुलीने पुढचं गणित हजेरीवहीच्या मागच्या पानावर स्वतःच मांडलं. २ शमुवेल २:१० प्रमाणे शौलाच्या मृत्यूनंतर ईश-बोशेथ राजा झाला तेव्हा चाळीस वर्षांचा होता. शौल तिसाव्या वर्षी गादीवर आला आणि दोनच वर्षांनी मेला असं धरलं, तर बाप बत्तीस वर्षांचा आणि मुलगा चाळीसचा! शिवाय त्याच अध्यायात पुढच्याच वचनांत शौलाचा दुसरा मुलगा योनाथान हजार माणसांचा सरदार होऊन गिब्यात उभा आहे आणि गेब्यातलं पलिष्ट्यांचं ठाणं मारतोय. दोनच्या मागे काहीतरी होतं, हे शाळकरी पोरीला दिसलं. नव्या करारात, प्रेषितांची कृत्ये १३:२१ मध्ये प्रेषित पौल शौलाच्या राज्याची चाळीस वर्षं सांगतो. ती चाळीस आणि हिब्रूतली दोन मिळून न्यू इंटरनॅशनलचं बेचाळीस आलंय. यात स्वयंपाक कुठे आणि मेन्यूकार्ड कुठे?

एक गोष्ट मान्य करतो. न्यू इंटरनॅशनलचे आकडे देताना त्यांनी तळटीपेत दिलेला खुलासा मी लेखात सांगितला नव्हता, तो सांगायला हवा होता. आता घातला आहे.

चाळीस ही बायबलमधली ठरावीक संख्या आहे, त्यामुळे बेचाळीस हाही अंदाजच, असं तुम्ही शेवटी म्हटलंय. असेल. अंदाज नाही असं मी कुठे म्हटलं? त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकाराचंही तेच. त्याचा उल्लेख नाही म्हणून लेख अपुरा ठरत असेल तर ठरो.

मात्र ‘शंका पेरता’ हा आरोप मी मुळीच घेणार नाही. टिंबं मी छापलेली नाहीत. ती पाहून मुलाने प्रश्न विचारला आणि आपण डोळे वटारले, तर ते मूल विचारायचं थांबतं, आणि मग वाचायचंही थांबतं. असं झालेलं मी माझ्याच वर्गात पाहिलंय. आमच्याकडे येण्याआधी त्या मुलीने हाच प्रश्न दुसऱ्या एका ठिकाणी विचारला होता आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती. माझ्याकडे आली तेव्हा बायबल दप्तरात लपवून आणलं होतं तिने.

तुम्हाला हिब्रू येत असेल तर फार चांगलं. मग पुढच्या प्रतिक्रियेत मला एवढंच सांगा, एक वर्षाचा शौल आणि चाळीस वर्षांचा ईश-बोशेथ यांचा मेळ तुम्ही निव्वळ हिब्रूच्या बळावर कसा घालता? वचनं वर दिली आहेत. आणि लिहाल तेव्हा शौलाविषयी लिहा, माझ्या लायकीविषयी नको.