पाचवा गिअर

पुण्यातल्या एका जुन्या मित्राने गेल्या आठवड्यात माझ्या गाडीचा फोटो पाहून कळवले की, गिअरबॉक्स बदलून मी तिचा आत्माच काढून टाकला. गाडी १९७२ ची, अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. तिची मूळची चार गिअरची पेटी उतरवून मी फोर्डची पाच गिअरची पेटी बसवून घेतली, एवढ्यावरून त्याने हा निवाडा दिला. त्याच्या स्वतःच्या जावा मोटरसायकलला सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची वायरिंग आहे, याचा मात्र त्याला विसर पडला.

ही गाडी घेऊन तो कधी इथल्या, इंग्लंडमधल्या एम-४० महामार्गावर गेलेला नाही. १७९८ सीसीचे हे इंजिन चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना मिनिटाला जवळजवळ ३,९०० फेरे घेते. वेग कमी करावा, तर ताशी ५६ मैलांची वेगमर्यादा बसवलेल्या ट्रकच्या रांगेत शिरावे लागते आणि आरशात मागच्या ट्रकच्या जाळीखेरीज काहीच दिसत नाही. पाचव्या गिअरमध्ये तोच ७० चा वेग सुमारे ३,२०० फेऱ्यांत मिळतो. पेटी बदलल्यावर पहिल्यांदा बॅनबरीला जाताना शेजारी बसलेली पत्नी नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हणाली आणि ते मला ऐकू आले. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले होते. इंजिनाची ताकद मात्र मी वाढवलेली नाही, कारण मागे अजून ड्रम ब्रेकच आहेत आणि एबीएस असलेली पुढची गाडी जितक्या अंतरात थांबते, तितक्या अंतरात मला थांबता येत नाही.

मित्राने भारतातल्या २०२१ च्या नियमांचा दाखला दिला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी त्या नियमांनुसार व्हिंटेज ठरते, पण रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही, आणि हे त्याला योग्य वाटते. मला ते मुळीच पटत नाही. गाडी चालण्यासाठी बनवलेली असते. ती केवळ प्रदर्शनापुरती बाहेर काढणे हा तिचा सन्मान नव्हे. शिवाय त्या नियमांतही नाव घेऊन रोखलेला बदल आहे तो चासी, बॉडी आणि इंजिन यांतला. इथे इंग्लंडमध्ये तर चाळीस वर्षे उलटली की एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणीही लागत नाही आणि मी दर रविवारी निर्धास्त बाहेर पडतो.

तरीही त्याचे शब्द लागले, हे मान्य करतो. पेटी बसवताना बॉडीला एकही छिद्र पाडायचे नाही, अशी अट मी मेकॅनिकला घातली होती. पुढे विकताना किंमत येईल, असे कारण मी तेव्हा सांगितले, पण ते खरे नव्हते. ही गाडी एकदा दिवे घाटात चालवायची माझी इच्छा आहे, आणि तिथे नेण्याची वेळ आलीच, तर ती पुन्हा मूळ रूपात आणता यावी म्हणून मी ही काळजी घेतली. ‘अजून दोन वर्षे’ असे मी घरच्यांना गेली बावीस वर्षे सांगत आलो आहे. मूळची पेटी गॅरेजमधल्या फळीखाली, पुण्याहून आणलेल्या सतरंजीत गुंडाळून ठेवली आहे. दर ऑक्टोबरमध्ये मी ती उघडतो, तेल पाहतो आणि गंजून अडकू नये म्हणून तिचा शाफ्ट हाताने फिरवून ठेवतो.