कोल्हापूरची गाडी

बेळगाव-खानापूर रस्त्यावर देसूर फाट्याच्या अलीकडं गाडीला उचकी लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. खानापुरात साखरपुडा, मांडीवर किलोभर कुंदा घेऊन बसलेली बायको आणि तिचं "रेल्वेनं जाऊया म्हटलं होतं की". एवढं पुरे.

बॉनेट उघडलं आणि बसची वाट बघत उभे असलेले एक मामा छत्रीसकट आत वाकले. वाकण्याआधी नंबरप्लेट मात्र बघून घेतली. एमएच 09.

"कोल्हापूरची काय?"

"सेकंडहँड घेतलीय."

"मग काय तर! असंच हुतंय."

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. मामांनी माझ्या गाडीपुरता निकाल उभ्या उभ्या दिला, तोही महाराष्ट्राच्या विरोधात. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत "बेळगाव, कारवार, निपाणी..." म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे ते हेच असणार, पैजेवर सांगतो.

"पेट्रोल हाय न्हवं?"

"आहे."

"बघून सांगा."

बघून सांगितलं. पाच मिनिटांनी परत, "पेट्रोल हाय न्हवं?"

मग त्यांना लुना आठवली. "प्लग काढायचा, पॉलिशपेपरनं घासायचा, फुंकर मारायची. दर रविवारी करत हुतो." मी म्हटलं, मामा, ह्यात तीन प्लग आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर ठिणगीला वीज देणारी कॉईल बसलीय, लांब पाना लागतो, शिवाय हेड अॅल्युमिनियमचं, तापलेलं असताना प्लग काढला तर आटे जातात.

"आमच्या लुनाला कुठं हुती कॉईल?"

"होती मामा. दिसत नव्हती."

हे त्यांना लागलं. समजूत काढावी म्हणून बायकोनं कुंद्याचा डबा पुढं केला. पाव किलो तरी गेला असेल. वर, "दूध जरा कमी आटीवलंय." तेवढ्यात बस आली. पायरीवरनं छत्री हलवत मामा ओरडले, "इंजिन बांधायला टाका!" बसमधली सगळी डोकी माझ्याकडं वळली. भोकाचा डबा घेऊन साखरपुड्याला जायचं मी, आणि वेळेवर पोचणार हे.

तासाभरानं गॅरेजचं पोरगं आलं. मालकाशी फोनवर कन्नड, माझ्याशी मराठी, पैशाचं तेवढं हिंदीत. इंजिन चालू ठेवून त्यानं एकेका कॉईलचं सॉकेट काढून बघितलं. पहिलं काढल्यावर इंजिन आणखी थरथरलं. दुसरं काढलं, काहीच फरक नाही. म्हणजे दुसरा सिलिंडर आधीच मेलेला. इंजिन थंड होऊ दिलं, प्लग काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ. ठिणगी टोकाशी पडायची सोडून ह्या चिरेतनं बाहेरच्या बाहेर पळत होती. एवढ्याशा रेघेसाठी मी दोन तास उन्हात, आणि लोकांना इंजिन बांधायचं सुचतंय!

"ही चीर आपोआप पडत नाही साहेब," पोरगं म्हणालं. "पाना तिरका धरून कसलाय कुणीतरी. कुणी बसवला?"

दिवाळीत मजुरीचे तीनशे वाचवायला व्हिडिओ बघत अंगणात मीच बसवला होता. पाना निसटून टक् झालेलंही आठवलं.

"कोल्हापुरात," मी म्हणालो.

गाडीत बायको खोकली.