किरायेदार तुमचा हप्ता फेडत नाही

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. बेसा, मनीषनगर, मिहानकडच्या कुठल्याही स्कीममध्ये 50 लाखांचा फ्लॅट घ्या; 10 लाख तुम्ही भरा, 40 लाख बँक देईल. हप्ता किरायेदार फेडेल, इन्कम टॅक्स वाचेल, आणि अकरा महिन्यांचा करार केला की कटकट नाही.

10 लाखांत हे होत नाही. बँक किमतीच्या 80 टक्के देते खरं, पण त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाही. ते रोख तुमचेच. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी अडीच लाख.

आता मुख्य थाप. 40 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता साधारण 34,700. पहिल्या महिन्यात त्यातले 28,300 नुसतं व्याज; मुद्दल फिटतं 6,400. किराया 15,000 धरू, हात सैल सोडून. म्हणजे किरायेदार व्याजाच्या निम्म्याहून जरा जास्त देतो, आणि जवळपास वीस हजार दरमहा तुमच्या पगारातून जातात. मेन्टेनन्स आणि घरटॅक्स अजून मोजलेच नाहीत.

शिवाय हा किराया बाराही महिने येणार असं गृहीत धरलंय! हिंगण्याकडे कॉलेजची पोरं ठेवणाऱ्या घरमालकाला विचारा. परीक्षा संपली की खोल्या रिकाम्या. मागे उरतं ते खिडकीतल्या कूलरच्या पाण्यानं पोपडे धरलेली भिंत आणि मीटरचं थकलेलं बिल, तेही तुमच्या नावावर. पुढचा किरायेदार आधी रंग मारून मागतो. हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो.

टॅक्सचं म्हणाल तर कोणती कररचना, जुनी की नवी, हेच मेसेजमध्ये नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज 3.37 लाख. वर्षाचा किराया 1.80 लाख, त्यातून 30 टक्के प्रमाणित (सरसकट मिळणारी) वजावट गेली की 1.26 लाख. कागदावर तोटा 2.11 लाख. जुन्या रचनेत त्यातले 2 लाख पगारातून वजा होतात, बाकी पुढच्या 8 वर्षांत घराच्याच उत्पन्नातून. नव्या रचनेत, जी 2023-24 पासून आपोआप लागू होते, पगारातून एक रुपयाही वजा होत नाही आणि तोटा पुढेही नेता येत नाही.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही तर नागपूरची जुनी समजूत. स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, झालं! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल किरायेदार सांगेल ते धरून चालतात, उलट सिद्ध होईपर्यंत. दंड 5,000 पर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी देणारा) असेल तर मुदत संपूनही न हलणाऱ्याकडून कलम 24 खाली दुप्पट किराया मागता येतो. नोंदणी ऑनलाइन होते, एका दुपारचं काम.

ज्यांचा स्वतःचा प्लॉट आहे आणि जे वरचा मजला बांधून किरायानं देतात, त्यांचा हिशेब वेगळा. जमिनीचे पैसे लागत नाहीत, कर्ज लहान राहतं, तिथे किराया हप्त्याच्या जवळ जाऊ शकतो. फक्त बँकेत जाण्याआधी प्लॉटचा आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आणि मंजूर नकाशा हाताशी ठेवा.