चोरीस, पोई आणि छत्रीवाले काका

काल संध्याकाळी किराणा दुकानात साखरेच्या पोत्याला टेकून उभा होतो, तेवढ्यात एका पूर्ण अनोळखी बाईंनी मला विचारलं, "माझ्या नवऱ्याला मारायचंय का तुम्हाला?" दुकानात अजून चार गिऱ्हाईकं होती. चौघांनी माना वळवल्या. दुकानदार कुणालातरी तूरडाळ मोजून देत होता, त्याचा हात तसाच वरच्या वर राहिला. तर आधीच लिहून ठेवतो, मी कुणाच्या नवऱ्याला मारायला निघालो नव्हतो, मी मासे मारायला निघालो होतो. तेही जमलं नाही ही गोष्ट वेगळी.

झालं असं की जून लागला. आमच्याकडे गोव्यात 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, ट्रॉलर बंद. हे नियम म्हणून अगदी बरोबर आहे, माशांच्या विणीचा काळ असतो वगैरे सगळं मला पटतं, पण पटणं डोक्यात होतं आणि भूक जरा खाली असते. फोंड्याच्या बाजारात बांगड्याचा भाव विचारला तर नुस्तेवाल्या बाईने भाव सांगितलाच नाही, नुसतं माझ्या चपलांकडे बघितलं. घरी सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर सलग पाचव्या दिवशी ताटात आली तेव्हा म्हटलं, पुरे, गावच्या तळ्यात रोहू, कटला आहेत, कुणीतरी कधीतरी बी सोडलेलं, आपण गरवायला जायचं.

गांडूळ मला बघवत नाही. हे कबूल करायला लाज वाटते, कारण माझे आजोबा पहिल्या पावसात कंदील घेऊन शेतात चढणीचे मासे धरायला जायचे आणि मी गांडूळ बघून पाय वर घेतो, पण आहे ते आहे. शिवाय बायकोने स्पष्ट सांगितलं की फ्रीजमध्ये माती असलेली कुठलीही डबी येणार नाही. मग मी मोबाईलवर शोधलं आणि एक नवं जगच उघडलं. परदेशातले लोक स्वयंपाकघरातल्या सामानावर मासे पकडतात! पाव, स्वीट कॉर्न, चीज, सॉसेज. स्वच्छ तळं, घडीची खुर्ची, थर्मासमधे चहा, एक मक्याचा दाणा गरीला लावतात आणि पंधरा किलोचा कार्प वर येतो. मग त्याला मांडीवर घेतात, फोटो काढतात, मुका घेतात आणि परत सोडून देतात. सोडून देतात! आमच्या घरी असं कुणी केलं तर त्यालाच तळ्यावर सोडून येतील.

पहिल्या दिवशी पोई नेली, म्हणजे आमचा गोव्याचा कोंड्याचा पाव. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकून दोन जास्तीच्या घेतल्या, आतला मऊ भाग काढून त्याची गोळी केली, गरीला लावली, बूच पाण्यावर, मी दगडावर. पोईला बाहेरून कोंडा असतो हे खाताना छान लागतं पण पाण्यात तिला धरून ठेवणारं काहीच नसतं, दोन मिनिटांत गोळी फुगून सुटते आणि तुम्ही मोकळी गरी घेऊन पुढची वीस मिनिटं ध्यान लावून बसता. ही वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात शांत होती असं आता वाटतं, कारण मग काका आले.

काळी लांब दांड्याची छत्री, हाफ पँट, बनियनवर बटणं न लावलेला शर्ट, आणि हातात स्टीलचा छोटा डबा. वय असेल सत्तरीच्या आसपास. माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. ज्याच्या हातात गरीची काठी आहे त्याच्याशी बोलायला ओळख लागत नाही असा आमच्याकडे अलिखित कायदा आहे.

"कितें रे पुता, नुस्तें गावलें?"

"नाही अजून, काका."

"हें कितें?"

"पोई."

"पोई माशाक?" असं म्हणून त्यांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली, उरलेली पोई उचलली, वास घेतला, उजेडाकडे धरून बघितली आणि एक तुकडा तोंडात टाकला. हळूहळू चावला. "बरी आसा. पूर्वी माडाची सूर घालून आंबवायचे, तेव्हाची चव वेगळी." आणि मग एवढ्या शांतपणे त्यांनी अख्खी पोई संपवली की मला मधे बोलता येईना. संपल्यावर ते पलीकडच्या पायऱ्यांवर गेले, डबा उघडला, त्यातलं काहीतरी पांढरट पाण्यात ओतलं, डबा तीन वेळा विसळला, वास घेऊन बघितला, शर्टाला पुसला आणि निघून गेले. ओतलं त्या जागी पाणी असं उसळलं की मी उभाच राहिलो. पाठी दिसत होत्या हो! काळ्या, रुंद पाठी! मला वाटलं काहीतरी व्रत असेल, नवस असेल. आमच्या देवळांच्या तळ्यांत कुरमुरे टाकले की मासे तोंडं आ करून वर येतात, तसलंच काहीतरी, आणि धर्माच्या कामात आपण गरी टाकू नये म्हणून मी माझ्याच कोपऱ्यात बसून राहिलो. मूर्खपणा. पण संस्कार आडवे येतात.

दुसऱ्या दिवशी तयारीने गेलो. कणीक घट्ट मळली, त्यात हळद, भाजून कुटलेली बडीशेप आणि मुख्य म्हणजे कापसाचे धागे, म्हणजे गोळी पाण्यात सुटत नाही. ही युक्ती खरंच चालते. सोबत उकडलेला स्वीट कॉर्न, एका गरीला एक दाणा. कणकेला एक मासा लागलासुद्धा, हाताच्या पंजाएवढा, काळपट, पाठीला काटे. मी ओरडलोच. काकांनी, हो ते वेळेवर आलेच होते, छत्रीच्या टोकाने त्याला उलटा केला आणि म्हणाले, "हो मासो न्हय. हो भाड्याक राविल्लो."

तिलापिया होता. 1952 साली हा मासा भारतात आणला, वाटेल ते खातो, वाटेल तिथे राहतो, वाटेल तेवढी पिल्लं घालतो, आणि इथल्या मूळ माशांना जागा उरत नाही. काकांनी यावर बरंच भाषण दिलं, तिलापियावरून गाडी घसरून ती तळ्याच्या पलीकडच्या अंगाला झालेल्या भरावावर आली, जिथे दोन वर्षांपूर्वी कमळं होती आणि आता चार व्हिला आहेत, ज्यांत वर्षातून दोन आठवडे दिवे लागतात. तो भराव दर पावसाळ्यात थोडा थोडा पाण्यात उतरतो. लाल चिखल. तळं एका बाजूने उथळ होत चाललंय हे काठीने खोली बघितली तर पोरालाही कळेल, पण काठी घेऊन तळ्यावर जाणारा मी एकटाच आणि मला माशांत इंटरेस्ट. हे विनोदी लिहायला बसलोय म्हणून इथेच थांबतो, पण राग येतो तो येतोच. बोलता बोलता काकांनी कॉर्नचा डबा मांडीवर घेतला होता आणि ते एकेक दाणा टिपत होते. "मीठ घातलंयस?" "माशांना मीठ कशाला काका?" "तरी चिमूटभर बरें पडता."

त्या रात्री मी अभ्यास केला. कटलाचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरवर खातो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी चरतो. आणि या सगळ्या कार्प मंडळींना जठरच नसतं! तोंडातून सरळ आतडं. त्यामुळे साठवून ठेवता येत नाही, दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं. म्हणजे ज्या प्राण्याला निसर्गाने कायम भुकेलं ठेवलंय तो माझी बडीशेप घातलेली कणीक नाकारतो. लग्नात मुलीकडच्यांनी पण असा अपमान केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी हात सैल सोडला. चीज घेतलं, आणि मडगावला ऑफिसच्या कामाने गेलो होतो तिथून चोरीस आणला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डुकराच्या मांसाचा, व्हिनेगर आणि सुक्या मिरचीत मुरलेला, माळेसारखा लटकवून विकतात. त्याच्या वासाने म्हणे तळातले मिशावाले मासे लांबून येतात. घरी परतून घेतला, म्हणजे गरीवर घट्ट बसतो, आणि त्या वासाने बायको खिडक्या उघडत फिरली. चीज मात्र फुकट गेलं, त्या कोमट पाण्यात ते तुपासारखं मऊ होऊन गरीवरून निघून गेलं. मग मी चोरीसचा डबा उघडला.

काका पायऱ्यांकडे निघाले होते. अर्ध्या वाटेवर थांबले. वळले. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाचं नाक आधी आलं आणि बाकीचे काका मागून.

"हें कितें?"

"चोरीस."

"खंयचो?"

"मडगावचा."

बराच वेळ कुणी बोललं नाही. पावसाची एक सर येऊन गेली, त्यांनी छत्री उघडली ती स्वतःवर नाही, डब्यावर धरली. मग खाली बसले. गुडघे कडकड वाजले.

"माशे खातले हें?"

"खायला हवेत, काका."

"आणि ना खाल्लें जाल्यार?"

"तर फुकट जाईल."

"फुकट वचूंक फावना," असं म्हणून त्यांनी पहिला तुकडा उचलला. डोळे मिटले. इतक्या भक्तिभावाने मी त्यांना देवळातसुद्धा बघितलं नसेल. मी गरीला एक तुकडा लावला, त्यांनी एक खाल्ला, मी दुसरा लावला, त्यांनी तीन खाल्ले, आणि तिसऱ्या तुकड्याला त्यांनी शर्टाच्या खिशातून पाव काढला. पाव! म्हणजे हा माणूस पाव घेऊन फिरत होता, या आशेवर की कधीतरी कुठेतरी!

मग ते बोलायला लागले. बायपास झालंय. डॉक्टरांनी सगळं बंद केलंय, मीठ, तेल, सोडं, डुकर तर विचारूच नका, घरी तसंही ते चालत नाही. सकाळी ओट्स, संध्याकाळी ओट्स. बायको डब्यात भरून देते, फिरून झाल्यावर तळ्यावर बसून शांतपणे खा म्हणते. "चार म्हयने जाले. एक चमचो पोटांत वचूंक ना."

"मग डबा?"

त्यांनी हनुवटीने तळ्याकडे बोट केल्यासारखं दाखवलं.

चार महिने. रोज संध्याकाळी, त्याच वेळी, त्याच पायरीवरून, दुधात शिजवलेले मऊ ओट्स. आणि मी समोरच्या काठावर गरीला मक्याचा एक दाणा लावून बसलेलो. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. मी त्यांना जठराचं सांगितलं, म्हटलं काका, या माशांना पोटच नसतं. त्यांनी पाण्याकडे बघून उसासा टाकला, "पुण्यवान." मग माझ्या डब्यातलं तेल पावाने पुसून घेतलं, डबा विसळून दिला, जाताना म्हणाले, "म्हज्या बायलेक सांगूं नाका हां. फाल्यां येतलो न्हू?"

मी कुणाला सांगणार? मला त्यांचं नावही माहीत नाही. हिशोब केला, तीन दिवसांत पोया, कॉर्न, बडीशेप, कापूस, चीज, चोरीस मिळून 412 रुपये. मिळालं काय, एक तिलापिया, तो मांजराने अर्धा खाऊन सोडला. 412 रुपयांत मी एका हृदयरोग्याला जेवू घातलं होतं.

बरं, मी सांगितलं नाही, पण व्हिनेगरच्या वासाने सांगितलं. काकांनी घरी काय कबुलीजबाब दिला ते मला काल दुकानात कळलं. त्यांनी सांगितलं की तळ्यावर एक माणूस बसतो, तो आग्रह करकरून खायला घालतो, नाही म्हटलं तर वाईट वाटून घेतो. आग्रह! मी! त्या माऊली पुढे चार लोकांसमोर सांगत होत्या, "चार महिने ओट्स खाऊन किती छान रिपोर्ट आलेत त्यांचे, आणि तुम्ही चोरीस भरवता?"

रिपोर्ट छान आलेत. कशाने, देव जाणे. मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगावं तर त्या घरात आज काय होईल ते डोळ्यांसमोर आलं, आणि शिवाय, खोटं कशाला बोलू, खरं सांगितलं तर उद्यापासून तळ्यावर ओट्स येणं बंद झालं असतं, आणि मासे त्या पायरीवर जमायचे बंद झाले असते.

"मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज..."

"कसला गैरसमज? छत्रीने दाखवलंय त्यांनी मला तुम्हाला, लांबून!" आणि मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. मी मागे लपवायला गेलो, पण एक किलोचं पाकीट लपत नाही. "हे बघा! बघा सगळ्यांनी! स्वतः ओट्स खातात आणि माझ्या नवऱ्याला चोरीस!"

दुकानदाराचा हात आता खाली आला होता. त्याने पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि या सगळ्याशी आपला काही संबंध नाही अशा आवाजात विचारलं, "हे मसाला ओट्स आहेत, चालतील का साधे देऊ?"

म्हटलं, साधे द्या, त्यांना साध्याचीच सवय आहे.

हे मी माशांबद्दल बोललो होतो.