स्वीट म्हणाल तर फसाल

लग्नाला जाताना आहेराचं पाकीट विसरलात तरी चालेल, पण स्वीट वेगळं आणि डेझर्ट वेगळं, हे घोकून जा. हॉलमध्ये दोघांची टेबलं लांब लांब असतात. डेझर्टच्या टेबलाशी उभं राहून ‘जरा गोड वाढा हो’ म्हणालात, तर शेजारी उभ्या पुतणीला तोंड लपवावं लागेल.

ओळखायचं कसं? ज्याची वाटी न मागता पुन्हा भरते, ते स्वीट. जे अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात येतं, वर पुदिन्याचं एकुलतं एक पान खोचलेलं आणि सोबत जीभ सोलणारा लाकडी चमचा असतो, ते डेझर्ट. परवा अशाच पेल्यावर पाटी होती, ‘सॅफ्रन योगर्ट मूस’. चमचा बुडवला तर आपलं केशरी श्रीखंड! मी ओळख दाखवली नाही. तुम्हीही दाखवू नका. त्याला बढती मिळालीय, जुनी माणसं नकोशी झाली असतील. आणि दुसरा पेला मागू नका. डेझर्टला आग्रह नसतो.

व्युत्पत्तीही पाठ असू द्या. डेझर्ट ज्या फ्रेंच क्रियापदावरून आलं, त्याचा अर्थ जेवणाचं मेज आवरणं. सगळं उचलून झाल्यावर मिळतं ते डेझर्ट. आपल्या पंगतीत जिलेबी भर जेवणात फिरते, तिच्यावर मठ्ठा, आणि शेवट ताकभातानं. हा गावंढळपणा कुणापुढे कबूल करू नका. शुगर आपल्या शर्करेची आणि कँडी आपल्या खंडाची नात, हेही काढू नका. दिल्या घरी सुखी आहेत त्या.

एवढं करून विलायतेला गेलात की पंचाईत. तिथं स्वीट्स म्हणजे गोळ्या-चॉकलेटं. जेवणानंतरच्या गोडाला स्वीट म्हणणारा खानदानी नव्हे, असं नॅन्सी मिटफर्ड या सरदारकन्येनं १९५५ सालीच लिहून ठेवलंय. मग खानदानी काय म्हणतात? पुडिंग. पुढ्यात आइस्क्रीम आलं तरी पुडिंगच. डेझर्ट म्हणजे त्यांच्यात सगळ्यात शेवटी येणारी फळं.

तेव्हा पुढच्या लग्नात मान ताठ ठेवून ‘पुडिंग’ म्हणा. वाढपी थरथरतं कॅरॅमल कस्टर्ड आणून देईल. ते स्वीट की डेझर्ट, हे त्यालाच विचारा. आपण कुठल्या टेबलामागे उभे आहोत, ते बघून तो सांगेल.